दोन मिनिटांच्या आत

"हे धर," म्हणत ते गळ्यातलं स्टॉपवॉच काढायचे आणि समोर जो असेल त्याच्या हातात ठेवायचे. दूधवाला, फिरायला आलेले बँकेतले निवृत्त गृहस्थ, एकदा तर पत्ता विचारायला थांबलेला रिक्षावाला. "आपली वेळ आपण लावू नये. आपला अंगठा आपल्याच बाजूनं असतो की."

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या बेंगळूरला, बसवनगुडीच्या मैदानावर हे होते. वय बहात्तर, उन्हानं विटलेला बनियन, आणि पाठ अशी ताठ की कट्ट्यावर बसले तरी उभे वाटायचे.

मैदान एका खाजगी क्लबला द्यायचं घाटत होतं, म्हणून मी गेटवर पत्रकं वाटत होते. लहानपणी मी मुळाक्षरं गिरवली तीच घरातल्या चळवळीच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. गणवेश आणि हुकूम या दोन्हींचं मला वावडं. आणि हा निवृत्त मेजर मला म्हणाला, "पत्रकं कट्ट्यावर ठेव. हे धर." वाद घालायला तोंड उघडेपर्यंत ते पळायला लागले होते. एक फेरी, एक मिनिट एकावन्न सेकंद.

मग घाम पुसत त्यांनी पत्रक वाचलं. "शेकडो मुलं खेळतात? कुठली गं शेकडो?"

"काका, पत्रकात तसं लिहावं लागतं."

त्याच संध्याकाळी ते मोजायला आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सदतीस. सदतीस मुलांचं मैदान काढून घेणंही पापच की. शेकडो कशाला पाहिजेत?"

पुढचं पत्रक मी 'सदतीस मुलं' असं छापलं. लोक ते थांबून वाचू लागले.

ते मूळचे बेळगावकडचे. कोवळ्या वयात सैनिकी अकादमीत गेले आणि तिथं त्यांना स्टीपलचेस सापडली: अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची तीन हजार मीटरची शर्यत. पुढे सैन्यात असताना ओळीनं काही वर्षं ते देशात पहिले आले, परदेशातूनही पदक आणलं. हे मला बँकवाल्या गृहस्थांकडून कळलं. मेजर स्वतः एवढंच सांगायचे, "अकादमीत आमच्या कोर्समधले तिघं खेळात गेलो. एक नेमबाज, एक होडी वल्हवणारा, एक मी. बाकीच्यांच्या खांद्यावर तारे वाढत गेले, आमच्या बनियनवर नंबर." पदकं बघायला मागितली तर म्हणाले, "बायको होती तेव्हा कपाटात होती. आता मलाच सापडत नाहीत."

त्यांचा एक नियम होता. फेरीला दोन मिनिटांच्या वर वेळ लागली की पळणं बंद, दुसऱ्या दिवसापासून चालायचं. कायमचं.

"एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तर?"

"सगळं बेंगळूर स्वल्प अडजस्ट करतं. घड्याळ करत नाही."

त्या हिवाळ्यात ते तापातून उठून पळायला आले. शेवटच्या वळणावर डावा गुडघा लचकताना मला दिसला. रेषा ओलांडली तेव्हा हातातल्या घड्याळात दोन मिनिटं तीन सेकंद होते. ते ओणवे होऊन धापा टाकत होते. नेहमीसारखा त्यांनी तळहात पुढे केला, आणि घड्याळ त्यात पडण्याआधी मी दुसरं बटण दाबलं.

"एक एकोणसाठ!" मी ओरडले.

त्यांनी पडद्यावरची शून्यं पाहिली. "पुसलंस?"

"चुकून दाबलं गेलं."

"पळणाऱ्याला आपली वेळ छातीत कळते गं." त्यांनी घड्याळ गळ्यात अडकवलं. "आकडे खोटे म्हणून सरकारवर पत्रकं काढतेस. आता एक माझ्यावर काढ."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोरून गेले आणि पुसलेली फेरी पुन्हा मोजायला घड्याळ गेटवरच्या फुलवाल्या अक्काला दिलं. अक्का कोपरापासून बोटापर्यंत हात धरून गजरा मोजते, आणि तिचा हात कधी आखूड होत नाही. त्यांनी रेषा ओलांडताच तिनं हातभर शेवंती तोडून द्यावी तशा आवाजात सांगितलं, "दोन मिनिटं चार, सार."

"सरी, ठीक," ते म्हणाले. आणि चालायला लागले.

माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही. "काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?" रोज विचारायचे. घड्याळ मात्र अक्काकडे जायचं. सगळ्या शहराकडे खरे आकडे मागत हिंडणारी मी, आणि ज्या एका माणसानं आपला आकडा माझ्या हातात ठेवला त्यालाच खोटा दिला होता. रोज सकाळी मी पत्रकं कट्ट्यावर ठेवून रिकाम्या हातांनी उभी राहायचे. ते हात झुलवत चालत निघून जायचे.

सात महिन्यांनी, एका सकाळी, ते माझ्यासमोर थांबले.

"हे धर. चालायची वेळ लाव."

ते निघाले. एकदा पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला टेकले, एकदा कुंपणाचा गज धरून उभे राहिले. धावत जाऊन हात द्यावासा वाटत होता. मी जागची हलले नाही, नजरही वळवली नाही. ते रेषेवर आले तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "सहा मिनिटं एक्केचाळीस," आणि घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून ते वाचलं.

"सरी. ठेव तुझ्याकडे. उद्या घेतो."

त्या दुपारी मुलगी त्यांना एचएसआर लेआउटमधल्या आपल्या घरी घेऊन गेली. दहा दिवसांनी तिचा फोन आला.

मैदान अजून आहे. संध्याकाळी मी मोजते. काल बेचाळीस मुलं होती. घड्याळ माझ्या खिशात असतं, त्यावर सहा एक्केचाळीस. मी अजून पुसलेलं नाही. हल्ली आकडे फिके व्हायला लागलेत. अक्का म्हणते, सेल बदल. सेल काढला की आकडा जाईल, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.