इथे कुठे गळतंय?

रेगे कधी वर बघत नसत. छपरांची चित्रं काढून देणं हा ज्यांचा धंदा, त्यांनी जन्मात एकदा तरी कौलांकडे मान वर करावी की नाही? पण नाही. ज्याला घर बांधायचंय त्यानेच रेग्यांच्या फ्लॅटवर यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःचं घर बघायचं. साइटवर जाण्याचा विषय निघाला की ते नाक मुरडत. म्हणत, "साइटवर चिखल असतो हो. घर इथे बघायचं. इथे ते आपलं ऐकतं."

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मीही थोडा वेळ बसून काही चांगलं आठवतं का ते पाहिलं. कपडे इस्त्रीचे असत.

वसई पूर्वेला आमची चार मजली सोसायटी. रेगे सगळ्यात वर राहत आणि त्यांच्या बरोबर खाली आम्ही. दोन हजार सालच्या आसपास त्यांच्या भाच्याने अमेरिकेतून घरं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरची सीडी पाठवली. तोवर एका कंपनीत नकाशांच्या प्रती काढणाऱ्या या गृहस्थांनी महिन्याभरात दारावर 'होम डिझायनर' अशी पाटी लावली. माउस फिरवला की पडद्यावर घर गिरक्या घ्यायचं. लोक खुळावत. घराभोवती ख्रिसमस ट्री उभी असत, कारण त्या सीडीत माड नव्हता. ऋतू बदलायचं बटण होतं. त्यात बर्फ होता, पाऊस नव्हता. वसईच्या माणसाला घराचं चित्र विकायचं आणि त्यात पाऊस नाही! पण ही उणीव रेग्यांना कधी जाणवली नाही. छपरावर बर्फ पाडून ते समोरच्याकडे असे बघत, जणू तो त्यांनी स्वतः डब्यातून काढून भुरभुरलाय.

त्यांचं खरं वेड डॉर्मरचं. उतरत्या छपरातून मध्येच डोकं वर काढणारी, स्वतःचं छोटं छप्पर असलेली ती खिडकी. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकला यायची. गोखिवऱ्यातल्या गाळ्यावर डॉर्मर, राजोडीच्या बीचवरल्या लॉजवर डॉर्मर. कुणी विचारलंच की याने फायदा काय, तर उत्तर ठरलेलं असे. "घराला चेहरा नको? बिनडॉर्मरचं घर म्हणजे बिनकपाळाचा माणूस!"

आगाशीला आमचं वाडीतलं घर होतं, कौलारू. बाबा आणि थोरला भाऊ तिथेच राहत. घराची दर्शनी बाजू पश्चिमेला, समुद्राकडे. आमच्याकडे रीत अशी, की मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची, म्हणजे झड आत येत नाही. बाबांना दमा होता, त्यामुळे त्यांच्या खोलीपुढची झापं जरा जास्तच घट्ट बांधली जात. छप्पर नवं करायचं निघालं तेव्हा दादा माझ्याकडे आला होता. जिन्यातच रेग्यांनी त्याला गाठलं आणि वर नेलं. तासाभराने तो खाली आला तो खुळावूनच. म्हणाला, "अरे, आपलं घर ओळखू येत नाही!"

ते खरंच ओळखू येत नव्हतं. बाबांना चित्र दाखवायला वर नेलं. रेग्यांनी आमच्या घरावर बर्फ पाडला. बाबांच्या खोलीच्या बरोबर वर, पश्चिमेच्या उतारावर, डॉर्मर बसवलेला होता.

"घराला टेंगूळ कशाला?" बाबांनी विचारलं.

"काका, हवा येईल, उजेड येईल. दम्याला बरं."

"आणि पानी? तिकडून झड येते."

रेग्यांनी पडद्यावर नखाने टकटक केली. "बघा की. इथे कुठे गळतंय?"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दादा हसला, बाबा चपला घालायला उठले. घर आता तूच बघ, असं त्यांनी दादाला आधीच सांगून टाकलं होतं, आणि शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डॉर्मर उभा राहिला. मे महिन्यात दादा झापं बांधायला निघाला तर रेग्यांचा निरोप आला, "झापं बांधू नका, एलेव्हेशन बिघडेल. मला फोटो काढायचाय." त्या एका फोटोसाठी, आमच्या आठवणीत पहिल्यांदाच, पश्चिमेची भिंत उघडी राहिली. पाऊस वेळेवर आला. फोटो काढायला रेगे आले नाहीत. चिखल होता.

छोटं छप्पर मोठ्या छपराला मिळत होतं त्या खाचेत आंब्याचा पाला अडकला, पाणी तुंबलं आणि कौलांखालून थेट बाबांच्या पलंगावर आलं. खिडकीतून झड येत होती ती वेगळीच. आठवडाभरात गादीला बुरशी आली आणि बाबांना एक वाक्य सलग बोलता येईना. मी त्यांना माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. वाडीत राजेळी केळींमध्ये पहाटेपासून फिरणारा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीच्या दोरीवरचे कपडे बघू लागला. रविवारी दादा आला की त्यांचा एकच प्रश्न असे, "माझी खोली सुकली का रे?" त्यांना घरी जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

मी वर जाऊन रेग्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे कॉम्प्युटर लावला, आमचं घर एकदा गरकन फिरवलं आणि म्हणाले, "डिझाइनमध्ये काही चूक नाही. गवंड्यांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?" मग एक मसाला सुचवला, खाचेत भरायला. दादाने भरला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळलं. तरी दादाचा त्या खिडकीवरचा जीव उडेना. कॅलेंडरच्या बाईवर जडावा तसा तो जडला होता.

त्याच वर्षी सोसायटीची गच्ची गळू लागली, म्हणजे रेग्यांचं छत. पाऊस संपल्यावर मीटिंग आमच्या हॉलमध्ये भरली. बाबा कोपऱ्यात दम्याचा पंप हातात घेऊन बसले होते. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचं ठरलं. सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले, "रेगेसाहेब, तुमच्या कॉम्प्युटरवर काढा की झकास! समोरून ती तुमची खिडकीपण येऊ दे. बिल्डिंगला लुक येईल."

"छे छे! भलतंच काय?" रेगे चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "साधा पत्रा, एकच उतार. खिडकीबिडकी नको. मध्ये जोड आला की गळलंच समजा. आणि पश्चिमेकडून चांगला खाली ओढून घ्या, झड तिकडूनच येते."

हॉलमध्ये कुणाला काही वाटलं नाही. बाबांनी मात्र मान वर केली.

"रेगेसाहेब, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"यात ठाऊक काय असायचंय, काका? कॉमन सेन्स आहे."

"मग आमच्याकडे?"

रेगे हसले. ओशाळून हसले असते तर मी आज हे लिहिलंही नसतं. लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, "काका, ते तुमचं घर होतं. हे माझं आहे ना."

आणि त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं. आमच्याच बशीतलं. मला त्या माणसाची अशी किळस आली की ती बशी मी नंतर वापरात ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर बाबा धोतर नेसून, पिशवी भरून दारात बसलेले. "चल आगाशीला. टेंगूळ काढायचंय." या वेळी दादाला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. अंगणात खुर्ची टाकून, धाप लागत असतानाही, डॉर्मर उतरेपर्यंत ते बसून राहिले. वर सरळ कौलं चढली. पुढच्या मृगाआधी झापंही बांधली गेली. बाबा पुन्हा त्या खोलीत झोपू लागले आणि पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात, तिथेच, कोरड्या अंथरुणात गेले.

खिडकी फेकायला त्यांनी मनाई केली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावा म्हणाले. ती अजून तिथे आहे. पाऊस सुरू झाला की कोंबड्या तिच्यापासून उठून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतात.