वर घरं, खाली कल्हई

बारामतीच्या पेठेतली आमची बुटक्या दुकानांची रांग पाडून नगरपालिका तिथं दुमजली इमारत बांधणार होती. खाली दुकानं, वर राहायच्या खोल्या. भवानीनगरला साखर कारखाना उभा राहत होता, गावात माणसं वाढली होती, जागा पुरत नव्हती. मी तेव्हा पुण्यात इंटरला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

वडील कल्हई करत. जुन्या दुकानापुढच्या मातीत खड्डा करून त्यांनी भाता बसवला होता. नव्या दुकानांना शहाबादी फरशी येणार होती आणि डोक्यावर लोकांचे संसार. नवसागराचा तो नाकाला झोंबणारा पांढरा धूर कोण चालवून घेणार? गाळा मिळाला नाही तर वडिलांना गावाबाहेर बसावं लागलं असतं, आणि तिथवर भांडी घेऊन कोण येतं?

मी अर्ज लिहिला. 'पिढीजात हस्तव्यवसाय', 'नागरिकांचे आरोग्य' असे शब्द घातले. धुराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. नगराध्यक्षांनी अर्ज वाचला आणि वडिलांना म्हणाले, "लेकानं छान लिहिलंय. पण धुराचं काय?"

"धूर व्हतो, साहेब. न्हाय कसं म्हणू?"

मी खाली मान घातली. वर राहायला येणाऱ्या चार कुटुंबांची संमती आणा, असं त्यांनी सांगितलं.

वडिलांना संकोच, म्हणून मी गेलो. पहिलं घर केळीच्या व्यापाऱ्याचं. "मला काय विचारतोस? धूर खाणार ती," म्हणून त्यानं बायकोकडं बोट केलं. काकी मूळच्या बावड्याच्या, फटकळ. दुकानं पाडल्यापासून कल्हई बंदच होती. त्यांनी पितळेचं पातेलं माझ्यापुढं आदळलं.

"हे बघ. ताक कळकतंय, आमटी कळकती. तुजा आबा बसलाय व्हय हातावर हात ठिऊन?"

"काकी, पण धूर..."

"पुण्यात शिकतोस आन् एवढं कळंना? म्होरं कशाला पेटवायचं? मागं आंगण हाय न्हवं? तितं माती हाय."

ते अंगण वरच्या बायकांना वाळवणासाठी राखलेलं होतं. ते मागायला मी धजलोच नव्हतो. काकी मला घेऊन उरलेल्या तिन्ही घरी गेल्या. अट एकच ठरली, वाळवण घातलं की भाता बंद. "कुरडयांना वास लागला तर त्याच आबाला खाऊ घालीन," असंही त्यांनी बजावलं. त्या चौघींचे आभार मला तेव्हा तोंडानं मानता आले नाहीत. अजूनही आले नाहीत.

दुसरा अर्ज चार ओळींचा लिहिला. धूर होतो, हे पहिल्याच ओळीत. गाळा मिळाला.

दुकान लागलं ते वैशाखात. चार घरांच्या कुरडया, पापड, सांडगे एकामागून एक अंगणात येत राहिले. आठ दिवस भाता पेटला नाही. वडील पुढं फरशीवर भांडी नुसती घासत बसले. सुटीला आलेला मी मात्र आतून धास्तावलो होतो.

नवव्या दिवशी काकी आणि शेजारीण ओल्या कुरडयांची खाट धरून जिना चढताना दिसल्या. मी धावत जाऊन मागची बाजू धरली. गच्चीवर खाट टेकताच काकींनी खाली वाकून हाक दिली,

"पेटवा आबा! किती दिस घासत बसताय?"

वडिलांनी वर पाहिलं आणि कोळशाची पाटी उचलली.