तडतड थांबली की

आमच्या मुलीचा जन्म झाल्यावर घरात प्रत्येकाला काही ना काही काम होतं. मला फक्त मतं होती.

बायकोच्या बाळंतपणासाठी सासूबाई सदाशिव पेठेतून आमच्या हिंजवडीच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. त्या दिवशी डिंकाचे लाडू करायचा बेत होता. त्यासाठी रोजची साय साठवून, विरजण लावून, घुसळून त्यांनी पातेलंभर लोणी काढलं होतं. ते गॅसवर चढवलं आणि इकडे बाळाच्या अंघोळीची वेळ झाली. मी म्हणालो, तुम्ही जा, तुपाकडे मी बघतो. जावयाला काम सांगायचं म्हणजे त्यांच्यावर संकटच. त्या नको नको म्हणत राहिल्या, पण मी ऐकेना. (इंजिनिअर माणूस. लोणी तापवलं की वितळतं, यात काय शिकायचंय!)

शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं, "आधी तडतडेल. तडतड थांबली की लगेच गॅस बंद करा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी ऑफिसची मीटिंग सुरू केली, कानांवर हेडफोन चढवला आणि अधूनमधून वळून पातेल्यात पाहू लागलो. हेडफोन भारीतला होता. बाहेरचा आवाज आत येऊच देत नाही.

लोणी वितळलं, फेसाळलं, पिवळं झालं. तडतड मात्र ऐकू येईना. थांबण्याआधी ती सुरू तर व्हायला हवी! आच कमी पडत असेल म्हणून मी गॅस मोठा केला. फेस खाली बसला. तूप सोनेरी झालं, मग तांबूस, मग थेट चहासारखं. (घरचं तूप असंच दिसत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.) तेवढ्यात स्क्रीनवर आमचे साहेब बोलता बोलता थांबले. तुमच्यामागे धूर दिसतोय, असं त्यांचं म्हणणं पडलं. वळून पाहतो तर दारात बाळाला पंच्यात गुंडाळून सासूबाई उभ्या. त्या केव्हाच्या हाका मारत होत्या म्हणे.

मी गॅस बंद केला. तळाशी बेरीचा कोळसा झाला होता. जावयाला रागावता येत नाही, ही त्यांची अडचण मला स्पष्ट दिसत होती. त्यांनी बराच वेळ पातेल्यात पाहिलं.

"रंग छान आलाय," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत बायको इतकी हसली, की टाके दुखायला लागल्यावरच थांबली.

लाडू शेवटी डेअरीतल्या विकतच्या तुपात झाले. पहिला लाडू सासूबाईंनी मानाने माझ्या हातावर ठेवला.

"घ्या जावईबापू, बिनधास्त खा. याला तुमचा हात लागलेला नाही."

मी खाल्ला. लाडू इतका उत्तम झाला होता, की त्यांचं म्हणणं खोडून काढायला मला जागाच उरली नाही.