तार उपटली, टक वाजलं न्हाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, आईला न्हाई. अन् ज्याला सगळ्यात आधी सांगायला पाह्यजे होतं, त्या रफिकला तर न्हाईच. तुम्हाला सांगून राह्यलो. पण थांबा, आधी त्यातली मजा सांगू द्या. मजा आली म्हणूनच तर हे सगळं झालं!

जालन्यात मस्तगडला रफिकचं अन् माझं एका खोलीचं दुकान होतं. रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्यांसाठी आम्ही डबे बनवायचो. शेडमध्ये गारठा वाढला की डबा हीटर चालू करायचा, ऊब बराबर झाली की बंद. तारा, जोड, सोल्डरिंग सगळं रफिकचं. आतल्या चिपचा प्रोग्राम माझा.

रफिकचा एक नेम होता. डबा बांधायच्या आधी तो हीटर चालू ठेवून, ऊब मोजणाऱ्या सेन्सरची तार भसकन उपटायचा. आतून टक असा आवाज आला, हीटर बंद झाला, की मंगच डब्याला सुतळी. ही सोय त्यानंच माझ्याकडून करून घेतल्ती. "तार टूटी तो हीटर बंद होना. बस!" डोकं खाल्लं माझं त्यानं. शेवटी मी एक ओळ लिहिली — सेन्सरकडून आकडा आला न्हाई, त हीटर बंद कर.

आता ऐका. कृषी प्रदर्शन तोंडावर आल्तं. मला डब्याच्या छोट्या पडद्यावर तापमानाची रेघ पळती दाखवायची होती. कशाला? अळ्यांना काय रेघ बघायची होती? पण मला दाखवायची होती ना! अन् आमची चिप स्वस्तातली. रेघ अडखळायची, थांबायची, पुन्हा उडी मारायची. बघून जीव नुसता जळायचा.

त्या शुक्रवारी रफिक नमाजला गेल्ता. मी कंपाइलरच्या सेटिंगमध्ये शिरलो. कंपाइलर म्हंजे आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल असा करून देणारा. त्याला सांगता येतं — जसंच्या तसं कर, न्हाईतर डोकं लावून जल्दी पळेल असं कर. मी सगळ्यात वरची, सगळ्यात वेगाची सेटिंग लावली. अन् अहो, काय सांगू! रेघ पाण्यावानी पळायला लागली! तीच चिप, तोच पडदा, एक पैशाचा खर्चा न्हाई! मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. आनंदाचा! लाज वाटते, पण आनंदाचाच.

शेजारी शोभाताईंचा डबा बांधून ठेवलेला. कुंभार पिंपळगावच्या शोभाताई, आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. दुपारी न्यायला येणार होत्या. मला राहवलं न्हाई. मी रफिकची सुतळी सोडली, नवा प्रोग्राम टाकला, पळती रेघ डोळे भरून बघितली अन् पुन्हा बांधला. तार उपटून बघितली का? न्हाई. मनाशी म्हटलं, सकाळीच त रफिकनं उपटली की.

त्या सेटिंगची एक अट असते. कंपाइलर धरून चालतो, की हिशेबात कायम खरा आकडाच येणार. मंग आकडा आला का न्हाई हे विचारणारी ओळ त्याला फालतू वाटते, तो ती मुकाट्यानं गाळून टाकतो. त्याचं काय चुकलं? हमी त मीच दिल्ती. मला हे माहीत नव्हतं का? वाचलं होतं. घाईत, वरवर. नुसत्या रेघेच्या भागाला ती सेटिंग लावता आली असती, हीटरचा भाग जुन्या चालीवर ठेवता आला असता. पण मी अख्ख्या प्रोग्रामला लावून मोकळा झालो.

अळ्या कोषावर यायला टेकल्या होत्या तेव्हा शोभाताईंचा फोन आला. आम्ही दोघं गाडीवर पळत गेलो. शेड भट्टीवानी तापलेली. तुतीचा पाला करपलेला, अन् त्यावर अळ्या... सगळ्या. शोभाताई ओरडल्या न्हाईत. सेन्सरचा जोड सुटलेला होता, तो त्यांनी बोटानं उचलून दाखवला. "रफिकभाऊ, तुमच्या हाताच्या भरवशावर झोपले होते ओ मी," एवढंच म्हणाल्या. रफिक खाली बसला. "गलती माझी हाय, ताई," म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. शुक्रवारची ती सेटिंग आठवली, अन् मी खाली वाकून करपलेला पाला गोळा करायला लागलो.

जालन्याला आल्यावर, रफिक घरी गेल्यावर, मी त्याच नव्या प्रोग्रामचा प्रदर्शनाचा डबा चालू केला अन् तार उपटली. टक वाजलं न्हाई. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. हीटर आपला तापतोय, अन् पडद्यावर रेघ कशी झोकात पळतेय! मी तिथंच सेटिंग बदलली. रेघ पुन्हा अडखळायला लागली, तार उपटली की टक वाजायला लागलं. रफिकला म्हटलं, प्रोग्राम जरा सुधारलाय. त्यानं विचारलंसुद्धा न्हाई. तो आपले हात बघत बसलेला.

त्यानंतर त्यानं सोल्डरिंगची बंदूक हातात धरली न्हाई. आता भावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. माझं बरं चाललंय. डबे जाफराबादपर्यंत जातात, अन् प्रत्येक डब्याची तार मी उपटून बघतो. नेम त्याचा, नाव माझं.

परवा पोरीचं खेळणं घेऊन त्याच्याकडे गेल्तो. एक तार निघाल्ती, बस. म्हटलं, तेवढा जोड मारून दे. त्यानं खेळणं उलटसुलट करून बघितलं अन् हसत परत दिलं. "नको भाऊ. मेरा जोड टिकता नहीं."

त्याचा जोड सुटलाच होता, ते खरंय. पण जोड सुटला तरी अळ्या जगाव्यात, म्हणून तर ती ओळ त्यानं मागून घेतल्ती. ती मी घालवली. मी खेळणं पिशवीत टाकलं अन् म्हटलं, "बरं, राहू दे."