तिचे दोन सेकंद

ती खारदांड्याला आईबरोबर मासे विकते आणि उरलेल्या वेळात आमच्या चुका काढते. जपानी ॲनिमे कार्टूनमधली आवडती दृश्यं जोडून तिच्यासकट आम्ही सहा जण मिळून एका गाण्यावर व्हिडिओ करत होतो. प्रत्येकाच्या वाट्याला गाण्याचे तीस सेकंद. तिचं मत व्हॉइस नोटमधून यायचं, तेही थेट बाजारातून. "ऐक रे, बाराव्या सेकंदाला सगळी वाट लावलीस... पापलेट नाय आज, सुरमई घ्या... हां, तर बाराव्या सेकंदाला." छान असं ती कधीच म्हणत नाही. काही खटकलं नाही तर नुसतं "चालेल." मला तिचा राग यायचा, कारण परत बघितलं की तिचंच बरोबर निघायचं.

माझ्या भागाच्या शेवटी एक मुलगी घर सोडताना दारात वळून बघते.

"वळली की लगेच कापलंस," ती म्हणाली. "बघू दे ना तिला घराकडे. अजून दोन सेकंद पायजेत."

"माझे तीस संपले यार."

"मग माझे घे. तुझ्यानंतर मीच आहे."

तिचा भाग एका उंच उडीने सुरू व्हायचा. ती उडी अर्ध्यावर कापून तिने मला दोन सेकंद दिले.

व्हिडिओ ऑनलाइन टाकला. त्या वळून बघण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग कोणीतरी कमेंटमध्ये लिहिलं, "पुढच्या भागातली उडी अर्धवट वाटते. कच्चं काम." मी खरं काय ते लिहायला घेतलं, तेवढ्यात तिचं उत्तर आलंसुद्धा.

"बरोबर पकडलंस."