यादीतला तिसरा फोन

गणिताच्या बाई अकरा वर्षं नवऱ्याचा मार खाऊन शेवटी लेकीसह गुपचूप या खोलीत राहायला आल्या. पत्ता सख्ख्या भावालाही सांगितला नाही. राउटर मात्र जुनाच आणला आणि पासवर्डही तोच ठेवला, कारण नवा पाठ करायचा कंटाळा.

आज ऑनलाइन शिकवणी सारखी अडकायला लागली. बाईंनी स्पीड तपासला, तर निम्माच. कोण खातंय बघू, म्हणून त्यांनी वायफायला जोडलेल्या फोनची यादी उघडली. एक फोन त्यांचा, दुसरा लेकीचा. तिसरा नवऱ्याचा होता.

आपलं वायफाय जिन्याच्या पलीकडे पोचत नाही, हे बाईंनी कालच एकेक पायरी उतरून तपासलं होतं.

“आई, दूध घेऊन येते गं,” म्हणत लेकीने कडीला हात घातला.