बिनतेलाचा सांधा

मीनाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. मीना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. एरवी तिचा फोन "आक्का, जेवण झालं का?" इथून सुरू होतो. त्या दिवशी ती काहीच बोलेना, नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि मला कळायचं ते कळलं. विलास गेला होता. दूर दक्षिणेतल्या ज्या शहरात, एका अवकाश संस्थेत त्यानं उभी हयात घालवली, तिथल्याच दवाखान्यात. आजाराचं नाव जूनमध्येच कळलं होतं, त्यामुळं अचानक झालं असं म्हणता येत नाही. पण कळलेलं असलं म्हणून माणूस तयार असतो थोडाच... आई बाहेर उन्हाला बसली होती. आमची आई नव्वदीला टेकलेली, कान तिखट, डोळे अधू. मी जाऊन तिचा हात धरला आणि सांगितलं. कसा गेला, जवळ कोण होतं, त्रास झाला का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "त्याचं ते वर गेलं का गं?"

मला उत्तर ठाऊक होतं. "बघू, आई," एवढंच म्हणाले. बघू काय, कपाळ!

'ते' म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय आमचा विलास सांगता येणार नाही. दुसऱ्या ग्रहावर जी गाडी उतरवतात तिला एक हात असतो, माती उकरायला, दगड उचलायला. त्या हाताच्या कोपरातला सांधा विलासनं केला होता. असा सांधा फिरायला तेल लागतं, आणि तिथल्या थंडीत तेल गोठतं. हे त्यानं आईला न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली दाखवून समजावलं होतं, डिसेंबरात आमच्या मुकुंदवाडीच्या घरात ती दगड झालेली असते. मग ती गाडी रोज सकाळी आधी आपलं कोपर शेकत बसते, त्यात वीज जाते, वेळ जातो, आणि वीज तर तिथं तोळ्यामाशानं मिळणारी. विलासच्या सांध्याला तेलच लागत नव्हतं. कसलासा कोरडा पातळ थर आतल्या चाकांच्या दातांवर चढवायचा, की झालं. तो सांधा त्यांच्या प्रयोगशाळेत एका बंद पेटीत, तिथल्यासारख्याच थंडीत, वर्षानुवर्षं फिरत होता. दिवाळीला घरी आला की आई विचारायची, "फिरतंय का रे?" तो म्हणायचा, "फिरतंय." आणि ती विचारायची, "वर कवा जायचं?" यावर तो पोह्यांची बशी उचलून बाहेर जायचा.

वडील पैठणला धरणावर नोकरीला होते, आमचं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. तिथली एक गोष्ट विलासनं पुढं जन्मभर वापरली, म्हणून सांगते. वडिलांचे साहेब एकदा जेवायला यायचे होते. विलासनं कुणा मद्रासी मित्राच्या घरी इडली खाल्ली होती, तेव्हा पैठणात इडली म्हणजे अप्रूपच. तो आईच्या मागं लागला की साहेबांना इडली कर. आई म्हणाली, "साहेबाच्या ताटात पहिल्यांदा? नाय. पाव्हण्याच्या दिवशी नवं काही करायचं नसतं." त्यानं विचारलं, मग नवं करायचं कधी? आई म्हणाली, "साध्या दिवशी. कुणी नसतंय तवा. बिघडलं तर आपणच खायचं." आणि बाई शब्दाची पक्की! पुढच्याच मंगळवारी तिनं इडल्या केल्या. त्या इतक्या घट्ट झाल्या, की वडिलांनी एक हातात घेऊन उगाच वजन केल्यासारखं केलं. आम्ही त्या आमटीत बुडवून खाल्ल्या. पण त्याच्या पुढच्या, आणि त्याच्याही पुढच्या मंगळवारी तिनं परत केल्या. साहेब पुन्हा आले तेव्हा ताटात इडली होती.

सांधा तयार झाला तेव्हा संस्थेची एक मोहीम ठरत होती. विलास मोहिमेच्या प्रमुखांकडं गेला. ते गृहस्थ चांगले होते, विलास त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलला नाही. त्यांनी सगळं बघितलं, कौतुक केलं आणि विचारलं, हे आधी कुठं उडालंय का, म्हणजे अवकाशात जाऊन आलंय का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग मी कसं नेऊ? एवढा खर्च, एवढ्या लोकांची वर्षं, ऐनवेळी तुमचं कोपर अडकलं तर? म्हणजे उडालेलं नाही म्हणून न्यायचं नाही, आणि नेत नाहीत म्हणून उडायचं नाही. मी शाळामास्तरीण, माझं तर डोकंच फिरलं हे ऐकून. विलास मात्र शांतपणे म्हणाला, "आक्का, त्यांचंही खरंय. त्यांच्याकडं पाव्हणे येणार होते."

त्याच सुमारास त्यानं क्रांती चौकाकडच्या एका सुताराकडून त्या सांध्याची मोठी लाकडी प्रतिकृती करून घेतली, सागवानी, पिठाच्या डब्याएवढी, बाजूला फिरवायचा दांडा. संस्थेच्या समितीपुढं समजावून सांगायला म्हणून. समितीवाले म्हणाले चित्रं दाखवा, लाकूड कशाला, आणि ते धूड आमच्याकडंच राहिलं, आईच्या शिलाई मशीनच्या शेजारी. आईनं ब्लाऊज शिवून आम्हाला शिकवलं, त्यामुळं मशीनला आमच्या घरात देवाइतका मान. खंडेनवमीला ती मशीन, कात्री, विळी, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लावते आणि प्रत्येकाच्या सांध्यात कुपीतून तेल सोडते. त्या वर्षी तिनं लेकाच्या यंत्रालाही सोडलं, चांगलं हात मोकळा सोडून, आणि नंतर रोज थोडं थोडं. लाकूड फुगलं. दिवाळीला विलास आला, सवयीनं दांड्याला हात घातला, तर तो हलेना. आधी तो हसला. मग मशीनच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आई, यात तेल नसणं हेच तर माझं सगळं काम आहे गं."

"मंग सांगायचं व्हतं ना," आई म्हणाली आणि आत गेली. सगळी सुट्टी विलास ओसरीवर बसून एकेक दात पॉलिशपेपरनं घासत होता. आई येता-जाता बघायची. शेवटी दांडा फिरला तेव्हा तिनं हाताला पदर गुंडाळून तो स्वतः फिरवून बघितला.

पुढं काही वर्षांनी दुसरी मोहीम आली आणि तिनं सांधा घेतलाही. आम्ही पेढे वाटले, गल्लीला सांगितलं. मग कळलं की वजन कमी करायचं म्हणून गाडीचा हातच रद्द झाला. हात नाही तर कोपर कशाला! आणि खरं दुखणं तर पुढंच होतं. सांध्यासाठी मोहिमेतून मिळालेला पैसा हाताबरोबरच गेला, आणि विलासच्या हाताखाली सांधा करणारी पोरंही पांगली. कुणी वाळूजला मोटारीच्या कारखान्यात, कुणी परदेशात. तो कोरडा थर चढवणारा हात एका मुलीचा होता, ती लग्न होऊन गेली आणि नोकरी सोडली. लिहून ठेवलेलं सगळं होतं, पण नव्या माणसानं लिहिल्याबरहुकूम केलं तरी थर सुटायचा. जगातल्या सगळ्याच अवकाश संस्थांचं हे दुखणं आहे, असं तो म्हणायचा. जायची वेळ आली की अवजारं शोधायची, आणि जाणं रद्द झालं की अवजार करणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं.

मग त्यानं प्रयोगशाळा सोडली आणि नियोजनाचं टेबल मागून घेतलं. भाऊबंदांत कुजबुज झाली की बाजूला सारलं बिचाऱ्याला. त्याला कुणी सारलं नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कुठं जायचंय ते आज बसून ठरवा, तिथं काय लागेल ते आजपासून करायला घ्या, आणि त्याचा पैसा मोहिमांच्या पैशात मिसळू नका, म्हणजे मोहीम बुडाली तरी ते बुडणार नाही. प्रत्येक वस्तूची टप्प्याटप्प्यानं परीक्षा घ्या आणि जी नापास होईल ती, कुणाचीही असो, बंद करा. या शेवटच्या नियमापायी त्यानं स्वतःच्या जिवलग मित्राचं काम बंद केलं, तो मित्र पुढं त्याच्याशी बोलला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मोहिमेत एक जागा अशी ठेवा, जिथं नवी वस्तू नुसती सोबत जाईल. चालली तर उत्तम, बिघडली तर मोहिमेचं काही अडणार नाही. समितीपुढं त्यानं इडलीची गोष्ट सांगितली. लोक हसले, चहा झाला, आणि प्रस्ताव तत्त्वतः मान्य झाला. तत्त्वतः मान्य! या दोन शब्दांनी माझ्या भावाची किती वर्षं खाल्ली ते मी बघितलंय. मी म्हणायचे, सोड की आता. तो म्हणायचा, "आक्का, साधा दिवस कुणीतरी ठरवावा लागतो गं, तो आपोआप येत नाही."

या मे महिन्यात तो आला तेव्हा डोळे पिवळे दिसत होते. उन्हानं, म्हणाला. आई दुपारची पडली होती. आम्ही दोघं मशीनपाशी बसलो होतो, तो दांडा हळूहळू फिरवत होता. मग म्हणाला की ती सोबतीची जागा अखेर मिळाली, पुढच्या एका मोहिमेत, खरीखुरी, कागदावर नाही. मला इतका आनंद झाला, की मी आईला उठवायला निघाले. त्यानं माझा हात धरला. जागेसाठी बऱ्याच वस्तू होत्या. आपली वस्तू त्यात आहे म्हणून तो निवडीच्या खोलीत बसलाच नाही. पण विचारायचे प्रश्न सगळे त्यानंच आधी ठरवून दिलेले. त्यात एक प्रश्न होता, की ही वस्तू करणारी माणसं आज एकत्र आहेत का, ती उद्या पुन्हा करून देतील का. सांध्याची माणसं कुठं होती एकत्र? तिथं सांधा मागं पडला. धूळ मोजणारं एक छोटं यंत्र निवडलं गेलं, नव्या पोरांनी केलेलं.

"माझ्याच चाळणीत मी अडकलो बघ," तो म्हणाला. मी म्हटलं, तो एक प्रश्न तेवढा गाळायचा होतास. त्यानं मान हलवली. "तोच प्रश्न खरा होता." थोडा वेळ दांडा फिरवला. "पण वाईट वाटलं, आक्का. लई वाईट वाटलं. आईला सांगू नको."

शहरात शिकून, इतकी वर्षं परक्या मुलखात राहून त्याचं 'लई' गेलं नव्हतं. मी त्याच्यासाठी ताक आणायला आत गेले आणि फ्रिजचं दार उघडून तशीच उभी राहिले. पुढं जूनमध्ये आजाराचं नाव कळलं. मी महिनाभर तिकडं जाऊन राहिले. दवाखान्यात मी डबा धरून बसायचे, तो दोन घास खायचा, मला बरं वाटावं म्हणून तिसरा खायचा. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं, आणि हातात काही नसलेला माणूस कसा बोलतो ते आम्हा दोघांनाही चांगलं ओळखू येत होतं.

अस्थी पैठणला आणल्या. आईला जीपमध्ये पुढं बसवून नेलं, तिनं गोदावरीच्या पाण्यात हात बुडवला आणि कपाळाला लावला. विलासची सहकारी नंदिनी मीनासोबत आली होती, त्याच्यानंतर त्या टेबलावर आता तीच बसते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की ती थंड पेटी आता निवडलेल्या यंत्राच्या परीक्षेला लागणार आहे, म्हणून सांधा बाहेर काढून ठेवलाय. शेवटपर्यंत फिरत होता, म्हणाली, बंद करायला कुणाचा हात होईना. सरांच्याच नियमात बसतं हो ते, काय करणार. पोरगी बोलता बोलता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढं कधी तो पुन्हा करता येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, माणसं पुन्हा उभी करावी लागतील, बघू. आईला म्हटलेला माझाच शब्द माझ्याकडं परत आला.

नवरात्र आलं. शेजारणी म्हणाल्या, यंदा तुमच्याकडं सण नाही. खंडेनवमीच्या सकाळी बघते तर आई मशीनपाशी पाट घेऊन बसलेली, हातात हळदकुंकवाची कुयरी आणि तेलाची कुपी. मी म्हटलं, आई, यंदा आपल्याला नाही ना. ती म्हणाली, "सुतक माणसाला. हत्यारानं काय केलंय?" तिनं चाचपडत मशीनला लावलं, कात्रीला लावलं, विळीला लावलं, तेल सोडलं. मग त्या लाकडी सांध्याला कुंकू लावलं. कुपी हातात तशीच धरून म्हणाली, "आता तरी खरं सांग. वर गेलं का ते?"

मला खोटं बोलवेना. "नाही, आई. दुसऱ्या पोरांचं यंत्र जाणार आहे. विलासनंच ठरवलेल्या रीतीनं."

"त्यानंच?"

"व्हय."

तिनं कुपीला बूच लावलं, ती लांब, मशीनच्या पलीकडं सरकवून ठेवली. मग दोन्ही हातांनी दांडा शोधला आणि एकदा पुरा फिरवला. जुनं लाकूड कुरकुरलं, पण फिरलं. तेव्हा कुठं ती रडली. विलास गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, पाठीवरून हात फिरवत, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. डोळे पुसून ती म्हणाली, "ठेवून देऊ नको. साध्या दिवशी फिरवत जा गं याला."

आज मंगळवार आहे. घरात कुणी यायचं नाही, सणवार नाही. सकाळी चहा ठेवला, आईला पाणी दिलं आणि तो उकळेपर्यंत दांडा फिरवला. आतून आईनं विचारलं, "फिरतंय का?" मी म्हटलं, फिरतंय.